करारातला आकडा



ईस्टरनंतरच्या आठवड्यांत घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही गल्लोगल्ली फिरतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. जुन्या घरांत आधी चहा होतो, नव्या घरांत आधी घर दाखवले जाते. "फादर, ही किचनची खिडकी, इथून चर्चचा क्रूस दिसतो," असे कोणी कौतुकाने सांगते. बँकेचे कर्ज किती, हप्ता किती, तो आणखी किती वर्षे फेडायचा, हेही सांगितले जाते. एक आकडा मात्र आम्हांला आजवर कोणी सांगितला नाही आणि आम्हीही तो विचारला नाही. घराच्या किमतीपैकी कागदावर किती लिहिले गेले व कागदाबाहेर किती दिले गेले, हा तो आकडा. त्या न सांगितलेल्या आकड्यासकट आम्ही घरांवर पवित्र पाणी शिंपडत आलो आहोत.

यंदा तो आकडा घेऊनच एक तरुण जोडपे आमच्या ऑफिसात आले. हे बोलणे टेबलाशी बसून झाले, प्रायश्चित्त संस्कारात नव्हे, आणि त्यांच्या परवानगीने आम्ही ते येथे लिहीत आहोत. ओळख लपावी म्हणून आकडे व काही तपशील बदलले आहेत. तेव्हा कृपया अंदाज बांधत बसू नये. आपल्या धर्मग्रामात अंदाज फार लवकर बांधले जातात व बहुतेक वेळा चुकतात.

तो एका खाजगी कंपनीत कामाला आहे, ती नर्स आहे. लग्नाला सहा वर्षे झाली, तेवढ्यात चार घरे बदलून झाली. अकरा महिन्यांचा करार, मग मालक भाडे वाढवणार किंवा घर रिकामे करायला सांगणार, पुन्हा डिपॉझिट, पुन्हा दलालाला एका महिन्याचे भाडे, पुन्हा टेम्पो. मुलगा पुढल्या वर्षी पहिलीत जाईल. आता एक घर मिळते आहे. इमारत जुनी, लिफ्ट नाही, तिसरा मजला, एक हॉल, एक बेडरूम, किचन. किंमत सत्तर लाख. दलालाने पहिल्याच बैठकीत सांगून टाकले, "पंचावन्न व्हाइट, पंधरा कॅश." घर विकणारे गृहस्थ आपल्याच धर्मग्रामातले आहेत. त्याच्या आदल्या रविवारी मिस्सामध्ये शांतीची खूण देताना दोन्ही घरांतल्यांनी एकमेकांचे हात हातांत घेतले होते.

तिने विचारले, "फादर, आम्ही पंधरा लाख असे दिले तर पाप आम्हांला की त्यांना?"

तो जरा वैतागलेला होता. म्हणाला, "फादर, एवढा विचार करत बसलो तर आम्ही जन्मभर भाड्यानेच राहू."

आम्ही काय उत्तर दिले? "प्रार्थना करा, देव मार्ग दाखवील." उत्तर चुकीचे नव्हते, पण ती दोघे खुर्चीवरून उठावीत म्हणून आम्ही ते दिले होते. सेमिनरीत तीन वर्षे तत्त्वज्ञान आणि पुढे नीतिशास्त्र शिकलेल्या माणसाला एका नर्सच्या साध्या प्रश्नाचे उत्तर देता येऊ नये, ही गोष्ट त्या रात्री आम्हांला बोचत राहिली. आज लिहायला बसलो आहोत ते त्यामुळे.

ही सवय फ्लॅटबरोबर आलेली नाही, ती फ्लॅटहून जुनी आहे. १९४७ साली मुंबईत घरभाडे नियंत्रणाचा कायदा आला आणि भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. हेतू चांगला होता, गरीब भाडेकरूला आधार मिळावा हा. परंतु मालकाला जे भाड्यात मिळेना ते तो पागडीत घेऊ लागला. पागडी घेणे हा गुन्हा होता, तिची पावती नव्हती. तरीही चाळीतल्या खोलीपासून नाक्यावरच्या दुकानापर्यंत सगळे व्यवहार पागडीवर होत होते. ३१ मार्च २००० रोजी नवा कायदा लागू झाला तेव्हा कुठे पागडीला मान्यता मिळाली. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे एक अख्खे शहर जे करत होते ते कायद्याने गुन्हा होते, आणि सगळेच करत असल्यामुळे कोणालाच तो गुन्हा वाटत नव्हता. आजोबांनी पागडी दिली, बापाने ब्लॅक दिले, आता नातू कॅश देतो. शब्द सौम्य होत गेले, एवढाच फरक.

कायदा मात्र सौम्य झालेला नाही. घर वा जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास १ जून २०१५ पासून मनाई आहे, आणि जो घेईल त्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा, आता हे सगळे संपेल, असे आपल्यापैकी अनेकांना वाटले होते. आम्ही तर वेदीवरून तसे बोललोही होतो! काही महिन्यांत नव्या नोटांत जुना व्यवहार सुरू झाला.

त्या रात्री आम्ही कागद घेऊन साधा हिशेब मांडला. तुम्हीही मांडून पाहा. बँक कर्ज देते ते करारात लिहिलेल्या किमतीवर, खऱ्या किमतीवर नव्हे. या टप्प्यातल्या कर्जाला ती फार तर ८० टक्के देते. करारात पंचावन्न लिहिले तर कर्ज चव्वेचाळीस लाखांपर्यंत. उरलेले अकरा आणि वरचे पंधरा, असे सव्वीस लाख त्या दोघांनी हातचे उभे करायचे. करारात सत्तर लिहिले तर कर्ज छप्पन्न लाखांपर्यंत मिळू शकते आणि हातचे चौदा लागतात. म्हणजे खोट्या आकड्यासाठी त्यांना बारा लाख जास्त उभे करावे लागणार. कुठून? तिच्या आईचे सोने, त्याचा भविष्य निर्वाह निधी, एका नातेवाईकाकडून व्याजाने. आणि या सगळ्याच्या बदल्यात त्यांचे वाचणार किती? मुंबईत मुद्रांक शुल्क सहा टक्के धरले तर पंधरा लाखांवर नव्वद हजार रुपये. नव्वद हजार वाचवण्यासाठी बारा लाखांचा खड्डा! छप्पन्न लाखांचा हप्ता जड आहे हे खरे. पण तो निदान बँकेच्या कागदावर, ठरलेल्या व्याजाने आहे. नातेवाईकाच्या दारात दर दिवाळीला उभे राहण्यासारखा नाही.

विकणाऱ्याचा फायदा त्यापेक्षा मोठा. जुलै २०२४ पासून जुने घर विकून झालेल्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. पंधरा लाख लपवले तर जवळजवळ एक लाख नव्वद हजार वाचतात. गंमत अशी, की तो नफा ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या घरात घातला तर कायदाच करातून सूट देतो. मग माणसे रोख का मागतात? बहुतेकदा याचे कारण असे, की त्यांना पुढे जे घर घ्यायचे आहे तेथे त्यांच्याकडेही रोख मागितली जाते. आणि ज्याने रोख देऊन घर घेतले, त्याच्या कागदावर खरेदीची किंमत कमी लागते. पुढे तो विकायला निघाला की नफा खऱ्याहून फुगलेला दिसतो, कर जास्त बसतो, म्हणून तोही रोख मागतो. आज नाइलाजाने दिलेले पंधरा लाख वीस वर्षांनी त्यालाच मागायला भाग पाडतात. हा व्यवहार एका दिवसाचा नसतो, तो घराबरोबर हातोहात पुढे जातो.

पवित्र बायबलमध्ये जमिनीच्या खरेदीविक्रीच्या गोष्टी आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. उत्पत्तीच्या पुस्तकात (अध्याय २३) सारेला पुरण्यासाठी अब्राहाम एफ्रोनकडून शेत व गुहा विकत घेतो. अब्राहाम तेथे परका, घरात प्रेत, गरज तातडीची. एफ्रोन आधी फुकट घ्या म्हणतो आणि बोलता बोलता चारशे शेकेल सांगून टाकतो. (दलालांशी बोललेल्यांना हा सूर ओळखीचा वाटेल.) अब्राहाम घासाघीस करत नाही. नगराच्या वेशीपाशी सगळ्यांच्या देखत तो पूर्ण चांदी तोलून देतो. दुसरी गोष्ट यिर्मया संदेष्ट्याची (अध्याय ३२). यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, संदेष्टा स्वतः कैदेत, आणि तो आपल्या चुलतभावाचे शेत सतरा शेकेलांना विकत घेतो. खरेदीखताच्या दोन प्रती होतात, एक मोहोरबंद आणि एक उघडी, आणि त्या मातीच्या भांड्यात जपून ठेवल्या जातात. प्रती दोन, पण आकडा एकच! उघड्या प्रतीत एक व बंद प्रतीत दुसरे, असे नाही.

तिसरी गोष्ट तुम्हांला ठाऊक असलेलीच आहे, प्रेषितांच्या कृत्यांतील हनन्या आणि सप्पीरा (अध्याय ५). त्यांनी जमीन विकली, पैशांतला काही भाग मागे ठेवला व उरलेला प्रेषितांच्या चरणी आणला. या गोष्टीवर आपण बहुधा दानधर्माचे प्रवचन ऐकतो. देवाला देताना हात आखडू नये वगैरे. पण नीट वाचा. जमीन तुमचीच होती आणि विकल्यावर पैसाही तुमच्याच हातात होता, हे पेत्र स्वतः मान्य करतो. पैसे राखून ठेवले, हा दोष तो ठेवत नाही. सप्पीरेला तो फक्त किंमत विचारतो. जमीन अमुक इतक्यालाच गेली का, एवढेच. आणि ती होय म्हणते. दोष त्या होकारात आहे. सारा प्रसंग एका खोट्या आकड्यावर उभा आहे.

आपल्याकडे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हाच प्रश्न छापील स्वरूपात असतो. नोंदणी झाल्यावर जो इंडेक्स टू मिळतो, त्यात एक रकाना 'मोबदला' व दुसरा 'बाजारभाव' असा असतो. मोबदल्याच्या रकान्यात जे लिहिले जाते ते खरे आहे, असे दोन्ही पक्ष सही करून, अंगठा देऊन, कॅमेऱ्यापुढे फोटो काढून सांगतात. साक्षीदारही असतात. एरवी ज्याला आपण 'थोडे ॲडजस्ट केले' म्हणतो, ते तेथे साक्ष बनते. आपल्या क्रमाने आठवी आज्ञा.

आता तिच्या प्रश्नाकडे येऊ. पाप कोणाला?

संत थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा' या ग्रंथात खरेदीविक्रीतील फसवणुकीवर एक प्रकरण आहे आणि त्याला लागूनच व्याजावर दुसरे. पहिल्यात ते एक बारीक भेद करतात. वस्तू विकल्याने विकणाऱ्याचे स्वतःचे विशेष नुकसान होत असेल, तर ते त्याने किमतीत धरावे. पण विकत घेणाऱ्याला ती फार गरजेची आहे एवढ्याच कारणाने किंमत वाढवू नये, कारण ती गरज विकणाऱ्याची मालमत्ता नाही; जे आपले नाही ते आपण विकू शकत नाही. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीचे हे विवेचन आमच्या मनात दर वेळी एखाद्या दलालाच्या ऑफिसात जाऊन बसते. मुलाची शाळा, अकरा महिन्यांची धास्ती, चर्च जवळ हवे ही ओढ, ही सगळी त्या जोडप्याची गरज आहे. तिची किंमत दुसरा कोणी कशी वसूल करणार?

दुसऱ्या प्रकरणात ते विचारतात, व्याजाने लुबाडणाऱ्याकडून कर्ज घेणारा पापी आहे का? त्यांचे उत्तर असे: सावकाराला पाप करायला प्रवृत्त करणे चूक आहे, परंतु जो आधीच तो धंदा करून बसला आहे, त्याच्याकडून खऱ्या गरजेपोटी कर्ज घेणाऱ्याला दोष देता येत नाही. तो पापात वाटेकरी होत नाही, पाप सोसतो.

हे वाचून आम्हांला क्षणभर हायसे वाटले. त्या दोघांना बोलावून सांगावे, जा, घ्या घर, तुम्ही फक्त सोसणारे आहात. पण मग लक्षात आले की तुलना अर्ध्यापर्यंतच जाते. सावकाराकडे जाणारा माणूस जास्त व्याज देतो, पण खोटे सांगत नाही. येथे घेणाऱ्यालाही सही करावी लागते. भारी किंमत मोजणे हे सोसणे आहे. पंधरा लाख जास्त वाटत असतील आणि तरी दिले, तर त्यात त्यांचा दोष नाही. सत्तरचे पंचावन्न लिहून सही करणे मात्र त्यांचे स्वतःचे कृत्य आहे. दबावामुळे दोषाचा भार कमी होतो, कधी पुष्कळ कमी होतो, असे ख्रिस्तसभा नेहमीच शिकवत आली आहे. पण कमी होणे आणि नसणे यांत अंतर आहे. तिला आम्ही पुढच्या आठवड्यात हे असेच सांगितले: दोघांनाही, पण सारखे नाही. भाड्याच्या घरातून बाहेर पडू पाहणारी तुम्ही दोघे आणि दोन लाख वाचवू पाहणारे ते, यांना आम्ही एका तागडीत घालणार नाही.

तो म्हणाला, "फादर, कर भरून तरी काय होते? रस्त्यातले खड्डे तसेच." हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या ओठांवर असणार. जुन्या नीतिशास्त्राच्या पुस्तकांत याला सोयीचे एक उत्तरही होते. काही शास्त्री म्हणत की कराचे कायदे फक्त दंडापुरते बांधतात. सापडलात तर दंड निमूट भरा, नाही सापडलात तर विवेकावर ओझे नाही. सेमिनरीत हे मत वाचून आम्हां विद्यार्थ्यांना मोठी मौज वाटली होती. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात, न्याय्य कर फसवणुकीने चुकवणाऱ्यांना नाव घेऊन खडसावले आहे, आणि १९९२ च्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात करचुकवेगिरी व दुसऱ्याच्या अडचणीचा फायदा घेऊन किंमत वाढवणे ही दोन्ही एकाच परिच्छेदात, सातव्या आज्ञेखाली, शेजारी शेजारी मांडली आहेत. ती शेजारी का, हे मुंबईत घर घेऊ पाहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

खड्ड्यांबद्दल रागवावे, जरूर रागवावे. पण काळ्या पैशाने सगळ्यांत आधी कोण बाजूला पडते ते पाहा. ज्याचे सगळे उत्पन्न पगाराच्या पावतीवर आहे, तो. नर्स, शिक्षक, बसचालक, बँकेतला कारकून. त्यांच्याकडे कॅश नसतेच. दोघे एकाच घरासाठी उभे असतील तर रोख रक्कम घेऊन आलेल्याला घर मिळते आणि पगारदाराला विरारची गाडी. आपल्या धर्मग्रामातली किती तरुण कुटुंबे गेल्या काही वर्षांत नायगाव, वसई, नालासोपाऱ्याला गेली हे मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातले रिकामे बाक पाहिले की कळते. ती सगळी रोख रकमेमुळेच गेली असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुख्य कारण किंमतच. पण काही घरे या एका अटीवर सुटली, हे आम्हांला त्यांच्याच तोंडून ठाऊक आहे.

हे सगळे बोलण्याचा आम्हांला कितपत अधिकार आहे, हाही प्रश्न आहे. आमच्या डोक्यावर धर्मग्रामाने छप्पर दिले आहे. अकरा महिन्यांची धास्ती आम्हांला माहीत नाही. म्हणून त्या जोडप्याला "घर सोडून द्या" असे आम्ही म्हणू शकलो नाही. विकणाऱ्या गृहस्थांकडे मात्र, त्या दोघांच्या संमतीने, आम्ही गेलो. निवड करण्याची मोकळीक खरी त्यांच्यापाशी होती.

त्यांनी आदराने बसवले, सरबत दिले, सगळे शांतपणे ऐकून घेतले. त्यांचीही अडचण खरी होती. घर विकून आलेल्या पैशांतून ते दोन मुलांसाठी दोन लहान घरे घेणार आहेत आणि त्यांतल्या एका ठिकाणी त्यांच्याकडे रोख मागितली आहे. शेवटी ते म्हणाले, "फादर, राग मानू नका, पण तुमच्या घरात कोणी असे घर घेतले नाही का?"

आम्ही गप्प बसलो.

२००६ साली आमच्या धाकट्या भावाने फ्लॅट घेतला. किंमत बावीस लाख, करारात चौदा. आम्हांला गुरुदीक्षा मिळून फार दिवस झाले नव्हते. उरलेले आठ लाख पोचवायचे होते आणि एवढी रक्कम घेऊन एकट्याने जायची भावाला भीती वाटत होती. पांढरा झगा घातलेल्या माणसाला रस्त्यात कोणी अडवणार नाही, असे आईने सुचवले. आम्ही गेलो. रिक्षात कापडी पिशवी आमच्या मांडीवर होती, वर आमचे प्रार्थनापुस्तक ठेवले होते. पैसे मोजून झाल्यावर त्या गृहस्थांनी, "फादर, आलाच आहात तर घराला आशीर्वाद देऊन जा," असे म्हटले, आणि आम्ही दिला. सेमिनरीत न्यायावरचा तो सगळा भाग आम्ही उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालो होतो. रिक्षात त्यातले एक वाक्यही आठवले नाही.

आम्ही हे त्या गृहस्थांना सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग मला कळेल तुम्हांला काय म्हणायचे आहे ते." दोन आठवड्यांनी त्यांनी जोडप्याला निरोप पाठवला: पासष्ट करारात, पाच रोख. पुढची घरे झाली की त्या पाचांचेही बघू. जोडपे अजून विचारात आहे. ती म्हणते, पाच असो की पंधरा, सही तीच. तो म्हणतो, फादर, पाच लाखांसाठी हे घर गेले तर पुन्हा मिळणार नाही. दोघांचे म्हणणे आम्हांला कळते, आणि त्यांच्यासाठी मिस्सामध्ये आम्ही रोज प्रार्थना करत आहोत. या वेळी कोणाला खुर्चीवरून उठवण्यासाठी नव्हे.

ज्यांना येत्या वर्षात घर विकायचे आहे आणि पूर्ण किंमत करारात लिहायची तयारी आहे, त्यांनी ऑफिसात नाव द्यावे. ते सूचना फलकावर लागेल. चर्च दलाली करणार नाही, किमतीत पडणार नाही आणि व्यवहाराची हमीही घेणार नाही. फक्त अशी माणसे आपल्यात आहेत हे पगारदार कुटुंबांना कळावे, एवढाच उद्देश. कराची व नोंदणीची माहिती देण्यासाठी आपल्यातील एक निवृत्त गृहस्थ महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर बसायला तयार झाले आहेत.

परवा भावाचा फोन आला. मुलीच्या परदेशातील शिक्षणासाठी तो तोच फ्लॅट विकतो आहे. कागदावर खरेदी चौदा लाखांची, त्यामुळे आठ लाखांचा नफा, जो कधी झालाच नाही, त्याच्या नावावर दिसणार. दलालाने त्यालाही उपाय सुचवला आहे, नेहमीचाच. आम्ही त्याला म्हणालो, पूर्ण रक्कम करारात लिही. त्या आठ लाखांवरचा कर साधारण एक लाख होईल, त्यातले अर्धे आम्ही हळूहळू देऊ, पिशवी आपण दोघांनी उचलली होती. तो हसला. म्हणाला, "तू पन्नास हजार कुठून देणार? मिस्साच्या दक्षिणेतून?" मग जरा थांबून म्हणाला, बायकोशी बोलतो आणि रविवारी सांगतो.